प्रेक्षकांनी पूर्ण केलेले नाटक

पॅन्टोमाइम हा ब्रिटनमध्ये नाताळच्या सुमारास रंगणारा विनोदी, संगीतप्रधान नाट्यप्रकार आहे. त्याचे मूळ इटलीतील ‘कॉमेडिया देल आर्ते’ या मुखवट्यांच्या परंपरेत सापडते. अठराव्या शतकात जॉन रिचने लंडनमध्ये याच परंपरेतील हार्लेक्विन या पात्राची मूक भूमिका गाजवली. १८०६ मध्ये जोसेफ ग्रिमाल्डीने विदूषकाला केंद्रस्थानी आणले. १८४३ च्या कायद्याने छोट्या रंगगृहांनाही संवादी नाटकांची मुभा मिळाली आणि शाब्दिक कोट्यांना बहर आला.

कथा ‘सिंड्रेला’, ‘अल्लाउद्दीन’ अशा परिचितच असतात. कधी अनेक परीकथांची पात्रे एकाच गोष्टीत भेटतात. ‘डेम’ ही प्रौढ स्त्री पुरुष नट रंगवतो, तर तरुण नायक परंपरेने अभिनेत्री साकारते.

पण या प्रकाराचा प्राण प्रेक्षागृहात असतो. खलनायक येताच हुर्यो उडते. नायकामागे भूत उभे राहिले की मुले ‘तुझ्या मागे आहे!’ असे ओरडतात. तो मुद्दाम चुकीच्या बाजूला वळतो आणि आरडाओरडा वाढतो. शेवटाकडे प्रेक्षकांचे दोन गट करून गाण्याची चुरस लावतात, तेवढ्यात पडद्यामागे विवाहसोहळ्याचे नेपथ्य उभे राहते. असंख्य ब्रिटिश मुलांची नाटकाशी पहिली ओळख इथेच होते आणि अनेक प्रादेशिक नाट्यगृहांचा वर्षभराचा खर्च याच हंगामावर पेलला जातो.