बाळ मोठे असण्याची भीती आणि आईच्या रक्तातील साखर

गरोदरपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत 'बाळ मोठे दिसते आहे' हे वाक्य कानावर पडले की बाळ अडेल का, कळा सोसवतील का, सीझरच करावे लागेल का, अशा प्रश्नांनी घर धास्तावते आणि गर्भवतीच्या ताटातील भाकरी कमी करण्यापासून शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापर्यंतचे निर्णय त्या एका वाक्यावर घेतले जातात. ही भीती निराधार नाही, कारण प्रमाणाबाहेर वाढलेले बाळ जन्माला येताना आई आणि मूल दोघांनाही इजा होऊ शकते. मात्र बाळाच्या अंदाजित वजनाची जेवढी चिंता केली जाते, तेवढी आईच्या रक्तातील साखरेची केली जात नाही आणि खरी हानी या दुर्लक्षातूनच होते.

जन्मतः ४ किलोपेक्षा, काही निकषांनुसार साडेचार किलोपेक्षा, अधिक वजन असणाऱ्या बाळाला वैद्यकशास्त्रात 'मॅक्रोसोमिया' असलेले, म्हणजेच अतिवजनी बाळ म्हटले जाते. महाराष्ट्रातील सर्वसाधारण बाळ या आकड्यापासून बरेच दूर असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये केलेल्या दीर्घ अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे वजन ३.५ किलो होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार देशातील सुमारे १८ टक्के बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची जन्मतात. त्यामुळे घरच्या मंडळींना मोठे वाटणारे सव्वातीन-साडेतीन किलोचे बाळ बहुतेक वेळा केवळ चांगले पोसलेले, निरोगी बाळ असते.

त्यातही पोटातील बाळाचे वजन हे काट्यावर केलेले वजन नव्हे. सोनोग्राफी करताना पडद्यावरील चित्रात बाळाच्या डोक्याची रुंदी व घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजली जाते आणि ही मापे एका सूत्रात घालून वजनाचा आकडा काढला जातो. त्यासाठी सर्वत्र वापरली जाणारी सूत्रे मुख्यतः हॅडलॉक आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडलेली आहेत. या अंदाजात १० ते १५ टक्क्यांची चूक होणे स्वाभाविक मानले जाते, म्हणजे अहवालात ३.८ किलो लिहिलेले बाळ प्रत्यक्षात सव्वातीन किलोचेही असू शकते आणि ४.३ किलोचेही. नऊ महिने भरत आलेल्या, मोठ्या बाळाच्या बाबतीत तर पोटाचा घेर नेमका मिळवणे अधिकच अवघड जाते. अमेरिकेत २०११-१२ मध्ये बाळंत झालेल्या स्त्रियांच्या एका देशव्यापी पाहणीत जवळपास एक तृतीयांश स्त्रियांना बाळ मोठे असू शकते असे सांगण्यात आले होते, परंतु त्यांच्यापैकी साधारण पाचातल्या एकीचेच बाळ ४ किलोहून अधिक भरले.

अतिवजनी बाळाच्या जन्मातील सर्वांत गंभीर धोका म्हणजे डोके बाहेर आल्यानंतर खांदा आईच्या जघनास्थीमागे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या पुढच्या हाडामागे, अडकणे. अशा वेळी मानेजवळून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर ताण येऊन बाळाचा हात काही काळ, क्वचित कायमचा, लुळा पडू शकतो. हा प्रसंग सांगून येत नाही आणि अशा प्रसंगांपैकी सुमारे निम्मे ४ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांच्या बाबतीत घडतात, म्हणून केवळ वजनाच्या अंदाजावरून तो टाळता येत नाही. मधुमेह नसलेल्या स्त्रियांच्या बाळांचे अंदाजित वजन साडेचार किलो असताना सरसकट सीझर केले, तर एका बाळाची कायमची इजा टाळण्यासाठी ३,६९५ सीझर करावी लागतील, असा हिशेब १९९६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी मांडला. आईला मधुमेह असल्यास हाच आकडा ४४३ वर येतो. हा फरक पुरेसा बोलका आहे. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनेही नियोजित सीझरचा विचार मधुमेह नसताना ५ किलोंपासून आणि मधुमेह असताना साडेचार किलोंपासून करावा, असे सुचवले आहे. खांदा अडकलाच, तर आईच्या मांड्या पोटाकडे घट्ट दुमडून घेणे आणि जघनास्थीच्या वर योग्य दिशेने दाब देणे या साध्या कृतींनी अनेकदा बाळ सुटते. त्यामुळे या कृतींचा सराव असलेले कर्मचारी प्रसूतिगृहात असणे हे सोनोग्राफीच्या आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचे आहे.

'बाळ मोठे, मार्ग लहान' हा निवाडाही कळा सुरू होण्याआधी क्वचितच खात्रीने देता येतो, कारण बाळाच्या कवटीची हाडे परस्परांवर किंचित सरकतात, आईच्या कटीराचे, म्हणजे कमरेच्या हाडांच्या कड्याचे, सांधे गरोदरपणात सैल होतात आणि तिने स्थिती बदलल्याने वाटही थोडी मोकळी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के प्रसूती सीझरने होतात आणि देशभरातील खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७ टक्क्यांवर, तर सरकारी रुग्णालयांत १४ टक्क्यांवर आहे. आवश्यक तेव्हा सीझर जीव वाचवते, याबद्दल दुमत नाही. मात्र अंदाजित वजन हे एकच कारण पुढे आले असेल, तर तो आकडा किती, मधुमेह आहे का आणि कळांची वाट पाहण्यात नेमका कोणता धोका आहे, हे डॉक्टरांना विचारणे गर्भवतीचा हक्क आहे.

या भीतीचा सर्वांत क्लेशकारक परिणाम स्वयंपाकघरात दिसतो. फार खाल्ले तर बाळ वाढेल आणि बाळंतपण जड जाईल, या समजुतीने शेवटच्या महिन्यांत जेवण कमी करण्याची रीत भारताच्या अनेक भागांत आढळते आणि याच धास्तीने लोहाच्या गोळ्याही उशाखाली पडून राहतात. रक्तक्षय असलेल्या बाईला बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही झेपत नाही, हे लक्षात घेतले तर या उपायाइतका उलटणारा उपाय दुसरा नाही. शिवाय याज्ञिकांच्या अभ्यासात असे दिसले की पुण्याची बाळे वजनाने लहान असली तरी त्यांच्यात उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची आणि अवयवांची. त्वचेखालील चरबी मात्र बऱ्याच अंशी टिकून होती. अडलेल्या बाळंतपणाचे मूळही पुष्कळदा बाळाच्या आकारात नसून आईच्या लहानपणीच्या कुपोषणात असते, कारण पोटभर न मिळाल्याने ठेंगणी राहिलेल्या मुलीचे कटीरही अरुंद राहते.

साखरेचा मार्ग याहून वेगळा आहे. डॅनिश डॉक्टर यॉर्गन पेडरसेन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मांडलेल्या आणि आज सर्वमान्य झालेल्या विचारानुसार आईच्या रक्तातील ग्लुकोज वारेतून बाळापर्यंत सहज पोचते, आईचे इन्शुलिन मात्र पोचत नाही. म्हणून जादा साखर हाताळण्यासाठी बाळाचे स्वादुपिंड स्वतःचे इन्शुलिन अधिक प्रमाणात तयार करते आणि गर्भावस्थेत इन्शुलिन वाढीला चालना देत असल्याने बाळाच्या खांद्यांवर व पोटावर चरबी साठते. डोके त्या मानाने वाढत नाही, आणि म्हणूनच अशा बाळाचे डोके निघून खांदा अडकण्याचा संभव अधिक असतो. नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा थांबतो, पण इन्शुलिन लगेच ओसरत नाही, त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. यासाठी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासणी केली जाते आणि जन्मानंतर तासाभरातच अंगावर पाजण्याचा आग्रह धरला जातो. नऊ देशांतील सुमारे २५,००० स्त्रियांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हेही दाखवले की आईची साखर मधुमेहाच्या रेषेखाली असतानाही ती जसजशी चढते, तसतसे बाळाचे वजन वाढत जाते.

ही साखर शोधणे अवघड नाही आणि खर्चाचेही नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांच्या पुढाकाराने रूढ झालेली आणि केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी स्वीकारलेली चाचणी उपाशी पोटाची अट घालत नाही, त्यामुळे दुरून आलेल्या बाईला परत पाठवावे लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ते पाच-दहा मिनिटांत प्यायला दिले जाते, दोन तासांनी ग्लुकोमीटरवर रक्त तपासले जाते आणि आकडा १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आल्यास गरोदरपणातील मधुमेह असल्याचे धरले जाते. पिऊन अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. ती नाव नोंदवतानाच करायची असते आणि पहिल्या वेळी साखर ठीक निघाली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करायची असते. हा दुसरा टप्पाच पुष्कळदा निसटतो, कारण पहिला अहवाल चांगला आला म्हणून घर निर्धास्त होते.

मधुमेह आढळल्यावरही उपाय उपासमारीचा नसतो. तीन मोठ्या जेवणांऐवजी थोडे थोडे पाच-सहा वेळा खाणे, पांढऱ्या भाताचा वाटा घटवून ज्वारी-नाचणीची भाकरी, उसळी, पालेभाज्या आणि अंडी किंवा दही वाढवणे, साखरेचा चहा, गोड पदार्थ व फळांचे रस टाळणे आणि जेवणानंतर फिरणे, असा साधारण दोन आठवड्यांचा प्रयत्न केला जातो. तरीही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली येत नसेल, तर औषध किंवा इन्शुलिन सुरू करतात. डोहाळजेवणाच्या पंगतीत अशा गर्भवतीला जिलबीऐवजी भरड धान्याचे थालीपीठ आणि दह्याची कोशिंबीर वाढणे हे तिच्या लाडात काही कमी करणे नव्हे. इन्शुलिनच्या सुईला भिणाऱ्या सासू-सुनांना हे सांगणे गरजेचे आहे की हे इन्शुलिन वारेतून बाळापर्यंत जात नाही.

प्रसूतीनंतर बहुतेक स्त्रियांची साखर पूर्ववत होते; परंतु पुढील आयुष्यात त्यांना मधुमेह जडण्याचा धोका इतरांपेक्षा बराच अधिक राहतो, म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करायची असते. बाळाच्या दीड महिन्याच्या लसींचा दिवसही नेमका तेव्हाच येतो, तेव्हा बाळाला लसीसाठी नेताना आईनेही त्याच दिवशी आपले रक्त तपासून घ्यावे.