गढूळ पाण्यातला क्रॉपी

मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्याला लाल पाणी येते आणि चढणीचे मासे अंडी घालायला उथळात शिरतात, हे आपल्याकडे खेडोपाडी ठाऊक असते. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात असाच काळ मार्च-एप्रिलमध्ये येतो. तिथला मासा म्हणजे क्रॉपी: तळहाताएवढा रुंद, चपटा, चंदेरी आणि खायला अतिशय गोड. शेजारच्या लुईझियानात त्याला ‘साकाले’ म्हणतात.

राज्याच्या उत्तरेला आर्काबुट्ला, सार्डिस, ईनिड आणि ग्रेनेडा हे चार जलाशय आहेत. याझू नदीचे खोरे पुरापासून वाचवायला लष्कराच्या अभियंता दलाने ही धरणे बांधली. म्हणून हिवाळ्यात ती मुद्दाम उतरवून ठेवतात आणि वसंतातला पाऊस त्यांत अडवतात. पाणी चढत चढत काठावरच्या झुडपांत शिरते, दुधाच्या चहासारखे गढूळ होते. पांढऱ्या क्रॉपीचा जागतिक विक्रम याच ईनिडचा आहे. ३१ जुलै १९५७ रोजी तिथे ५ पौंड ३ औंसांचा, म्हणजे सुमारे २.३५ किलोचा मासा गळाला लागला.

गढूळ पाणी पाहून पुष्कळ जण होडी परत फिरवतात. मला ती घाई वाटते. गाळामुळे उजेड खोल जात नाही, त्यामुळे एरवी बुजरा असणारा मासा दोन-तीन फूट पाण्यातही निर्धास्त राहतो. उन्हाची ऊब वरच्या थरातच राहते, आणि पाणी १६ ते २० अंश सेल्सिअसला पोचले की वीण सुरू होते. काळवंडलेला नर घरटे राखत बसतो. शिवाय दूरचे दिसत नसल्याने मासा भटकत नाही, बुडालेल्या खोडाला बिलगून राहतो. शोधायची जागा अशी आपोआप आक्रसते.

सकाळी पहिल्यांदा पातळी बघावी. पाणी चढत असेल तर मासा नव्याने बुडालेल्या विलोत आणि झुडपांत आत आत सरकतो. ते चार बोटे जरी उतरायला लागले, तरी तो झुडपांच्या बाहेरच्या रांगेशी येऊन थांबतो. कालची जागा आज रिकामी लागते ती बहुधा यामुळेच. गढूळ आणि जरा निवळ पाणी जिथे भिडते, तो पट्टाही सोडू नये.

लांब फेकीचा इथे उपयोग नाही. दहा-बारा फुटांची काठी, तिला आखूड तंगूस आणि टोकाला जिग, म्हणजे शिशाचे डोके असलेला गळ. निवळ पाण्यात एक सोळांश औंसाचा जिग पुरतो. गढुळात एक अष्टमांश घ्यावा, अंगाने जाडसर, काळा आणि पोपटी अशा उठून दिसणाऱ्या जोडरंगाचा. जिवंत छोटा मासा लावला तरी चालतो. काठी झुडपावरून नेऊन जिग खोडाला लागून सरळ खाली सोडायचा आणि स्थिर धरायचा. सगळी कला या स्थिर धरण्यात आहे. दिसत नसले तरी माशाच्या अंगावरची संवेदनरेषा पाण्याची हालचाल टिपते, पण त्याला जवळ यायला वेळ लागतो. क्रॉपीची नजर वरच्या बाजूला असते, तेव्हा आमिष त्याच्या पातळीला किंवा किंचित वर हवे, खाली कधीच नको.

तंगुसाला फ्लोट लावला असेल, तर तो नेहमी बुडेलच असे नाही. मासा आमिष घेऊन वर उठला की वजन सुटते आणि फ्लोट आडवा पडतो, किंवा ताठ तंगूस अचानक सैल होते. तेवढ्यावर काठी अलगद उचलायची. हिसका दिला तर कागदासारखे पातळ तोंड फाटते आणि मासा जातो.

ठरलेल्या लांबीहून लहान मासा लगेच पाण्यात सोडावा लागतो. एक मिळाला की त्याच झुडपाच्या चारही बाजू तपासाव्यात, मग पुढे जावे. आणि तासा-दोन तासांनी परत यावे, कारण चांगले खोड फार वेळ रिकामे राहत नाही.