व्यसनमुक्तीला औषधाची जोड

एप्रिल २०२१. करोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे टाळेबंदी लागू होती आणि मद्यविक्रीची दुकाने बंद होती. अशा वेळी यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे किमान सात जणांचा मृत्यू झाला. दारू मिळत नाही म्हणून त्यांनी हात स्वच्छ करण्यासाठीचे सॅनिटायझर प्राशन केले होते. मृतांपैकी बहुतेक मोलमजुरी करणारे होते. या घटनेवर हळहळ व्यक्त झाली, तशीच ‘इतकी कसली तलफ’ अशी टीकाही झाली. परंतु सॅनिटायझर हे पेय नव्हे, हे मरणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. मग त्यांनी ते का घेतले? या प्रश्नाचे उत्तर नीतिशास्त्रापेक्षा वैद्यकशास्त्रात अधिक सापडते.

दारू अचानक बंद झाली तर...

वर्षानुवर्षे रोज मद्यपान करणाऱ्याचा मेंदू मद्याच्या गुंगीशी जुळवून घेतो. ती गुंगी एकाएकी नाहीशी झाली, की उत्तेजित मेंदूला आवर राहत नाही. साधारण सहा ते चोवीस तासांत हातपाय थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, मळमळते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही रुग्णांना भ्रम होतो, नसलेले किडे-माणसे दिसू लागतात, ताप चढतो. ही अवस्था उपचारांअभावी प्राणघातक ठरू शकते. म्हणजेच, ‘उद्यापासून बंद’ हा निर्धार स्तुत्य असला, तरी तीव्र व्यसन जडलेल्या माणसाने तो डॉक्टरांच्या देखरेखीविना अमलात आणणे धोक्याचे असते. खोलीत कोंडून ठेवून दारू सोडविण्याचा घरगुती उपाय तर जिवावर बेतू शकतो.

रुग्णालयात या काळात क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम यांपैकी औषध देऊन मेंदू शांत ठेवला जातो आणि काही दिवसांत मात्रा टप्प्याटप्प्याने उतरविली जाते. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व देणे अत्यावश्यक असते. त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा पोहोचून स्मृती जाऊ शकते.

पुढचा टप्पा पुन्हा न वळण्याचा

शरीरातून दारू उतरली म्हणजे व्यसन सुटले, असे नव्हे. तलफ महिनोन्‌महिने टिकते. या टप्प्यासाठी प्रामुख्याने तीन औषधे वापरली जातात. नालट्रेक्झोन मद्यातून मिळणाऱ्या सुखाची धार बोथट करते. अकॅम्प्रोसेट मद्य सोडलेल्या मेंदूचा बिघडलेला तोल सावरण्यास मदत करते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते जपून द्यावे लागते. तिसरे डायसल्फिराम. डेन्मार्कमध्ये १९४० च्या दशकात त्याचा हा उपयोग ध्यानात आला. ही गोळी घेणाऱ्याने मद्य घेतल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो.

याच गुणधर्मामुळे तिचा सर्वाधिक गैरवापर होतो. ‘दारू सोडविणारी पावडर, रुग्णाच्या नकळत द्या’ अशा जाहिरातींना भुलून भाजीत काय कालवले जात आहे, हे घरच्यांनाही ठाऊक नसते. त्यात डायसल्फिराम असेल आणि रुग्णाला हृदयविकार असेल, तर एका घोटाने अनर्थ होऊ शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि तपासणीनंतरच द्यावयाचे असते.

अफूजन्य व्यसनांचे उपचार

ब्राउन शुगर, हेरॉइन किंवा वेदनाशामक गोळ्या-इंजेक्शनांच्या व्यसनात औषधोपचाराचे महत्त्व आणखी मोठे आहे. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी मेथाडोनचा उपचार रूढ केला. पुढे ब्युप्रेनॉर्फिन आले. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या दोन्ही औषधांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. भारतात ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवण्यास दिली जाते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमातून ती सुईने नशा करणाऱ्यांना केंद्रावरच दिली जाते.

‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ हा यावरील नेहमीचा आक्षेप. वस्तुतः हे औषध मेंदूतील त्याच ग्राहींवर बसते, पण सावकाश आणि दीर्घकाळ. त्यामुळे झिंग न चढता तलफ थांबते, सुई सुटते, माणूस कामावर जाऊ शकतो. मधुमेही रोज औषध घेतो, त्याला आपण व्यसनी म्हणत नाही. या रुग्णांनी औषध घाईने थांबविल्यास जुन्या मात्रेने पुन्हा नशा करून दगावण्याचा धोका वाढतो. गांजाच्या व्यसनावर मात्र असे खास मान्यताप्राप्त औषध नाही. तेथे समुपदेशनावरच भर असतो.

उपचार शोधायचा कोठे?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षण अहवालानुसार देशात मद्याच्या समस्येसाठी मदतीची गरज असणारे सुमारे ५.७ कोटी लोक आहेत. मद्यावलंबी ३८ जणांमागे जेमतेम एकाला कोणता तरी उपचार मिळालेला होता. सोळा तालुक्यांच्या यवतमाळ जिल्ह्यात अंतर हीही अडचण आहे. वणीहून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरच्या पुढे. मजुरासाठी ही फेरी म्हणजे बुडालेला रोज आणि प्रवासखर्च.

तरीही सुरुवात सरकारी दवाखान्यातूनच करणे इष्ट. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयातील मनोविकार विभागाकडे थेट जाता येते. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर, तसेच व्यसनमुक्तीसाठीच्या १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. खासगी केंद्र निवडताना तीन प्रश्न विचारावेत : मनोविकारतज्ज्ञ प्रत्यक्ष तपासतात काय, केंद्राची नोंदणी आहे काय आणि रुग्णाला नातेवाइकांना भेटू दिले जाते काय? मारहाण किंवा साखळदंड हा उपचार नव्हे.

कायदाही रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या व्यसनातून उद्भवणाऱ्या अवस्थांचा मानसिक आजारात समावेश केला असून सरकारी सेवेचा हक्क दिला आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात आरोपी असलेला व्यसनी स्वेच्छेने उपचार घेत असल्यास त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मात्र उपचार पूर्ण करणे बंधनकारक आहे.

औषध एकटे पुरत नाही, हेही खरे. पुण्यात १९८६ पासून कार्यरत असलेल्या ‘मुक्तांगण’ने समुपदेशन, कुटुंबाचा सहभाग आणि पाठपुरावा यांचे मोल महाराष्ट्राला पटवून दिले.

दारूबंदीची चर्चा यवतमाळला नवी नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात ती अनेक दशकांपासून आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असावी की नसावी, यावर मतभेद राहतील. पण दुकान कोणत्याही कारणाने बंद झाले, तरी त्याच दिवशी थरथरणाऱ्या हातांसाठी दवाखान्याचे दार उघडे असले पाहिजे, याबद्दल दुमत असू नये.