झोपेचा आलेख वाचायला शिकताना

अमेरिकेत रेस्पिरेटरी थेरपिस्ट हा श्वसनोपचाराचा वेगळा व्यवसाय आहे. व्हेंटिलेटर लावणे, धमनीतल्या रक्तातील वायू तपासणे, दम्याच्या रुग्णाला औषधाची वाफ देणे ही त्यांची रोजची कामे. त्यांच्या पात्रता परीक्षा नॅशनल बोर्ड फॉर रेस्पिरेटरी केअर ही संस्था घेते. सीआरटी ही पहिली पायरी आणि आरआरटी त्यावरची. झोपेच्या विकारांची तपासणी आणि उपचार यांसाठी याच संस्थेने एक विशेष परीक्षा आखली. ती उत्तीर्ण होणाऱ्याच्या नावापुढे सीआरटी-एसडीएस किंवा आरआरटी-एसडीएस अशी अक्षरे लागतात. रुग्णाची पूर्वतपासणी, रात्रभराची नोंद, त्या नोंदीचे विश्लेषण, उपचारांची आखणी आणि प्रयोगशाळेचा कारभार असा या विषयाचा पसारा आहे.

परीक्षार्थी या विषयाकडे येतो तेव्हा अर्धे काम त्याच्या हाती आधीच असते. घशातला मार्ग का मिटतो, दाब दिल्यावर तो कसा उघडा राहतो, मास्क कुठे गळतो हे त्याला पुस्तक न उघडता सांगता येते. अडते ते मेंदूच्या विद्युतलहरींपाशी. अतिदक्षता विभागात वर्षे काढलेल्या थेरपिस्टालाही त्या लहरी वाचण्याची वेळ सहसा आलेली नसते. तरीही बरेच जण तयारी सीपॅपपासून, म्हणजे मास्कमधून हवेचा सततचा दाब देणाऱ्या उपचारापासून, सुरू करतात, कारण ते ओळखीचे आहे, आणि लहरींचे प्रकरण शेवटच्या आठवड्यावर टाकतात. हा क्रम उलटा हवा. अभ्यासाचा मोठा वाटा पहिल्यापासून लहरींनाच द्यावा.

लहरी वाचण्याआधी त्या नीट पकडाव्या लागतात. डोक्यावर इलेक्ट्रोड कुठे बसवायचे हे हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या दहा-वीस पद्धतीने ठरते. नाकाच्या मुळाशी असलेल्या खाचेपासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत मोजपट्टी धरतात. हे अंतर ३६ सेंटिमीटर भरले, तर १८ सेंटिमीटरवर मध्यरेषेवरची खूण होते. मग एका कानापुढच्या खळगीपासून दुसऱ्या कानापुढच्या खळगीपर्यंत, त्याच खुणेवरून, आडवे माप घेतात. ते ३५ सेंटिमीटर असेल, तर मध्यापासून उजवीकडे त्याच्या २० टक्के म्हणजे ७ सेंटिमीटरवर सी-४ हा इलेक्ट्रोड येतो. त्वचा घासून स्वच्छ करायची, पेस्ट लावायची, इलेक्ट्रोड दाबून बसवायचा आणि इम्पीडन्स, म्हणजे त्वचेपाशी विद्युतसंकेताला होणारा विरोध, ५ किलोओहमपर्यंत खाली आली की नाही ते पाहायचे. ही मापे कागदावर पाठ होत नाहीत. कुणा सहकाऱ्याच्या डोक्यावर पेन्सिलीने खुणा करत दोनचारदा मोजले की ती मनात पक्की बसतात.

इलेक्ट्रोडच्या जोड्या समजल्या की बिघाड शोधण्याचे प्रश्नही सोपे होतात. कपाळाकडचा, मधला आणि मागचा असे मेंदूच्या लहरी नोंदवणारे तीन मुख्य मार्ग डाव्या कानामागच्या एम-१ या एकाच संदर्भाशी जोडलेले असतात. तिन्ही मार्गांत एकाच वेळी तोच खडखडाट दिसू लागला, तर तिन्ही इलेक्ट्रोड एकदम सुटले असे मानण्यात अर्थ नाही. दोष एम-१ मध्ये आहे. संदर्भ बदलून पाहायचा आणि संधी मिळताच एम-१ पुन्हा बसवायचा. घामाने उठणाऱ्या संथ, रुंद लाटा गाढ झोपेसारख्या दिसतात; तिथे खोली थंड करणे हा उपाय असतो. दिवे मालवण्यापूर्वी रुग्णाला डोळे मिटायला, डावी-उजवीकडे पाहायला, दात आवळायला, घोरल्यासारखा आवाज काढायला, श्वास रोखायला आणि पाय हलवायला सांगतात. प्रत्येक तार आपले काम करते आहे की नाही हे या दोनपाच मिनिटांतच कळते. ही पायरी उरकून टाकली, तर रात्री संशयास्पद दिसणाऱ्या नोंदीची तुलना कशाशी करायची, हा प्रश्न उरतो.

झोपेचे टप्पे ठरवण्याची पहिली सर्वमान्य नियमावली रेख्टशाफेन आणि केल्स यांनी १९६८ मध्ये दिली. २००७ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची नियमावली आली आणि जुने तिसरे व चौथे टप्पे एकत्र होऊन एन-३ झाला. रात्रभराच्या नोंदीचे ३० सेकंदांचे तुकडे पाडतात. अशा तुकड्याला एपॉक म्हणतात आणि प्रत्येक एपॉकला एकच टप्पा दिला जातो. डोळे मिटून जागे असताना डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची अल्फा लय दिसते. ती एपॉकच्या निम्म्याहून कमी भागात उरली आणि जागी संमिश्र, कमी उंचीच्या लहरी आल्या की एन-१ सुरू होतो. एन-२ ची ओळख म्हणजे ११ ते १६ आवर्तनांचे किमान अर्धा सेकंद टिकणारे स्पिंडल आणि टोकदार के-कॉम्प्लेक्स. ७५ मायक्रोव्होल्टपेक्षा उंच, संथ लहरींनी एपॉकचा २० टक्के भाग, म्हणजे ६ सेकंद व्यापले की तो एन-३.

नवखा वाचक चुकतो तो सीमेवरच्या एपॉकपाशी. स्पिंडल एपॉकच्या पहिल्या अर्ध्यात आला तर तोच एपॉक एन-२ ठरतो. तो दुसऱ्या अर्ध्यात आला तर एन-२ पुढच्या एपॉकपासून धरतात. रेम झोपेत तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: कमी उंचीच्या संमिश्र लहरी, हनुवटीच्या स्नायूचा सगळ्यात खाली गेलेला ताण आणि डोळ्यांची झटपट हालचाल. डोळे हलतात तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या रेषा एकमेकींच्या विरुद्ध दिशेने जातात. त्या एकाच दिशेने हलल्या, तर बहुधा ती मेंदूची संथ लहर असते. एवढा एक निकष पक्का असला तरी रेमबद्दलचे अनेक घोटाळे टळतात.

श्वासाच्या घटना थेरपिस्टला सोप्या वाटतात, आणि नेमके तिथे गाफील राहणे महागात पडते. हवेचा प्रवाह ९० टक्के किंवा अधिक घटून १० सेकंद तसाच राहिला तर अॅप्निया. छाती-पोटाचे पट्टे धडपड दाखवत असतील तर तो अडथळ्यामुळे आणि पट्टेही शांत असतील तर मेंदूकडून आज्ञाच न आल्यामुळे, म्हणजे सेंट्रल. हायपोप्नियासाठी प्रवाह ३० टक्के घटावा लागतो आणि त्याबरोबर ऑक्सिजन ३ टक्क्यांनी उतरावा किंवा मेंदू क्षणभर जागा व्हावा लागतो. दुसरा, मेडिकेअर या सरकारी विम्याचा नियम ४ टक्के घसरण मागतो आणि जाग आल्याची घटना मोजत नाही.

हा फरक किती मोठा आहे ते एका हिशोबात दिसते. समजा, रुग्ण यंत्राखाली ८ तास होता, पण झोपला ६ तास. अॅप्निया ३० आणि पहिल्या नियमाने हायपोप्निया ६०. एकूण ९० भागिले ६, म्हणजे तासाला १५. घाईत ८ ने भागणारा ११ वर येतो आणि विकाराची श्रेणीच चुकवतो, कारण मध्यम विकार १५ पासून मोजतात. आता दुसरा नियम लावला आणि ६० पैकी २४ हायपोप्नियाच त्यात बसले, तर ५४ भागिले ६, म्हणजे ९. मेडिकेअर १५ आणि त्यावरच्या आकड्याला सीपॅप मंजूर करते. ५ ते १४ मध्ये दिवसाची गुंगी, उच्च रक्तदाब, हृदयविकार अशांपैकी काही नोंदलेले असावे लागते. माणूस तोच, रात्र तीच, पण यंत्र मिळेल की नाही ते नियमावर ठरते. म्हणून प्रश्नात कोणता नियम दिला आहे ते आधी शोधावे, मगच भागाकार करावा.

सीपॅपचा उपचार कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये सिडनीहून प्रसिद्ध केला. दाब ठरवण्याच्या रात्रीची मार्गदर्शक तत्त्वे २००८ ची आहेत. प्रौढाला ४ सेंटिमीटर पाण्याच्या दाबापासून सुरुवात करतात. अडथळ्याचे दोन अॅप्निया किंवा तीन हायपोप्निया दिसले की किमान एकाने वाढ, आणि दोन वाढींत किमान ५ मिनिटांचे अंतर. सीपॅपची कमाल मर्यादा २०. निवडलेला दाब पुरेसा आहे हे उताण्या अवस्थेतली रेम झोप पाहिल्याशिवाय म्हणता येत नाही, कारण घसा सर्वात सहज मिटतो तो तेव्हा.

अतिदक्षता विभागातली एक सवय इथे मोडावी लागते. तिथे ऑक्सिजन उतरला की हात ऑक्सिजनच्या नळीकडे जातो. झोपेच्या प्रयोगशाळेत घसरणीचे कारण मिटलेला घसा असेल, तर आधी दाब वाढवायचा. अडथळा दूर होऊनही ऑक्सिजन ५ मिनिटे किंवा अधिक काळ ८८ टक्क्यांवर वा त्याखाली राहिला तरच तो मिनिटाला एक लिटरपासून द्यायचा. मास्क गळत असेल तर दाबाला हात लावण्यापूर्वी मास्क नीट करायचा. दाब वाढवल्यावर सेंट्रल अॅप्निया उगवू लागले, तर आणखी वाढवणे हे चुकीचे उत्तर आहे.

बाकीचे भाग थोडक्यात होतात. दिवसाच्या डुलक्यांच्या चाचणीत दोन-दोन तासांच्या अंतराने चार किंवा पाच संधी देतात. झोप लागायला सरासरी ८ मिनिटे किंवा कमी लागली आणि किमान दोन डुलक्यांत रेम आली, तर नार्कोलेप्सीकडे बोट जाते. पायांच्या हालचाली ५ ते ९० सेकंदांच्या अंतराने सलग चार झाल्या की मालिका धरतात. एपवर्थ प्रश्नावली मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडली. तिच्यात आठ प्रसंग आणि २४ गुण असतात; १० च्या वर गेले की दिवसाची झोप जास्त मानतात.

या परीक्षेची खरी तयारी नोंदी स्वतः वाचण्यात आहे. संगणकाने लावलेले टप्पे झाकून एक पूर्ण रात्र एपॉकमागून एपॉक वाचावी, मग अनुभवी तंत्रज्ञाने वाचलेल्या त्याच रात्रीशी ताडावी. मतभेद कुठे होतात ते लिहून ठेवावे: बहुतेकांचे ते एन-१ भोवती आणि रेमच्या काठावर असतात. रात्रपाळी करणाऱ्याने हे काम पाळी संपल्यावर करू नये. थकलेला डोळा स्पिंडल सोडतो. सराव-प्रश्नांचे संच उपयोगी आहेत, पण उत्तरे पाठ करून नव्हे. चारपैकी तीन पर्याय का चुकले हे सांगता आले तरच तो प्रश्न झाला असे धरावे. आणि आपले टप्पे अनुभवी वाचकाच्या टप्प्यांशी सातत्याने जुळू लागेपर्यंत परीक्षेची तारीख घेण्याची घाई करू नये.