प्रत्येक मुलगा शेंडेफळ

कागदावर आठ जोडपी मांडा. शिरूरमधलं न्हावरे घ्या, दौंडमधलं पाटस घ्या, गाव कुठलंही चालेल. आठही जोडप्यांचा बेत एकच: मुलगा झाला की थांबायचं, आणि नाहीच झाला तर तिसऱ्या लेकरानंतर थांबायचं. मुलगा-मुलगी होण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरू. चार जोडप्यांना पहिल्याच खेपेला मुलगा झाला, ती थांबली. उरलेल्या चारांपैकी दोघांना मुलीच्या पाठीवर मुलगा झाला, तीही थांबली. राहिलेल्या दोघांपैकी एकाला दोन मुलींवर मुलगा, आणि एकाच्या घरी तिन्ही मुलीच.

आता मोजा. मुलगे 7, मुलीही 7. गर्भलिंगतपासणी कुणी केली नाही, कुणाच्या ताटात कमी वाढलं नाही, तरी याच कागदावर आणखी काहीतरी घडून गेलंय. सात मुलग्यांपैकी चार एकुलते एक आहेत. मुलींमध्ये एकुलती एक कुणीच नाही. मुलग्याच्या वाट्याला सरासरी दीडच्या थोडं वर लेकरांचं घर आलं, मुलीच्या वाट्याला पावणेतीन लेकरांचं. दप्तर, वह्या, क्लासची फी या सगळ्यात वाटेकरी कुणाला जास्त, हे शाळेची घंटा व्हायच्या आधीच ठरलं. 1992-93च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे तपासताना शेली क्लार्क या संशोधिकेला खऱ्या भारतातही हेच दिसलं: मुलींना भावंडं जास्त.

मला खरा चकवा दिसला तो त्यानंतर. कागदावरून पुन्हा बोट फिरवा. सातही मुलगे आपापल्या घरातलं शेवटचं लेकरू आहेत. एकजात शेंडेफळ! सात मुलींपैकी शेंडेफळ फक्त एक, तिन्ही मुलींच्या घरातली. बाकी सहा जणी कुणाच्या ना कुणाच्या ताई. आपल्याकडे मुलीच्या पाठीवर भाऊ आला की ती गुणाची ठरते, तिचं कौतुक होतं. त्या कौतुकासोबत तिला एक कामही मिळतं, त्याचं नाव मात्र कुणी घेत नाही.

थोरलं असणं शिक्षणाला फायद्याचं की तोट्याचं? इथे जगाची दोन टोकं उलट उत्तरं देतात. सँड्रा ब्लॅक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी नॉर्वेची देशभराची नोंद चाळून 2005 साली दाखवलं, की पहिलं मूल सर्वांत जास्त शिकतं आणि पुढच्या प्रत्येकाचं शिक्षण थोडं थोडं घटत जातं. ब्राझील आणि फिलिपिन्समधल्या अभ्यासांत मात्र पारडं धाकट्यांकडे झुकलेलं निघालं. कारण समजायला अर्थशास्त्र लागत नाही. थोरलं दहा वर्षांचं असतं तेव्हा घर तरुण असतं, विहिरीचं कर्ज अंगावर असतं, हात कमी पडतात. धाकटं दहाचं होईपर्यंत कर्ज फिटलेलं असतं, थोरलं कमवायला लागलेलं असतं किंवा थोरलीचं लग्न झालेलं असतं. तैवानमध्ये तर थोरल्या बहिणी लवकर शाळा सोडून कामाला लागल्या, लवकर सासरी गेल्या, आणि पाठची भावंडं शिकली. घराचा पत्ता एकच असतो, पण प्रत्येक लेकरू वेगळ्याच घरात जन्माला येतं.

ऊसतोडीच्या हंगामात हे उघड्यावर दिसतं. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात, आणि कोयता पहाटेच फडात गेला की खोपीवर तान्ह्याला कडेवर घेऊन उरते ती थोरली. बागायतदारांकडे तेच सौम्य रूपात असतं. वस्तीवर पिवळी बस येते, तिच्यात इंग्लिश मीडियमचा धाकटा चढतो. ताई झेडपीच्या शाळेकडे चालू लागते. दुजाभाव केला का असं विचारलं तर आई-बाप मनापासून नाही म्हणतील, आणि ते पुरतं खोटंही नसेल. तिच्या वेळी परवडत नव्हतं!

(पोषणाचा हिशेब मात्र उलटा चालतो. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी 1 लाख 68 हजारांवर मुलांची उंची तपासली. भारतातलं पहिलं लेकरू आफ्रिकेतल्या पहिल्या लेकराहून उंच निघालं. घसरण दुसऱ्यापासून सुरू होते आणि पुढे वाढत जाते. म्हणजे दूध थोरल्याला आणि दप्तर धाकट्याला, असंही एकाच देशात होऊ शकतं.)

माझ्या आठ घरांत न बसणारं एक घर दौंड तालुक्याला चांगलं ठाऊक आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. जगलेली मुलं तीन: कृष्णाबाई, श्रीनिवास आणि 1858 साली जन्मलेली रमा. रमा मुलगी, आणि शेंडेफळही. थोरल्या बहिणीचं लग्न लहानपणीच लावलं होतं. ते पार फसलं, म्हणून रमेच्या लग्नाची घाई कुणी केली नाही. तिची शिकायची वेळ येईपर्यंत वडील म्हातारे झाले होते, म्हणून शिकवायला आई बसली. घरकामाच्या रगाड्यात वेळ नसायचा, तेव्हा पहाटे पाखरं जागी व्हायच्या आत लेकीला उठवून ती श्लोक म्हणून घ्यायची. 1878 मध्ये श्रीनिवास आणि रमा कोलकात्याला पोचले. संस्कृत दोघांनाही येत होतं. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या धाकटीला मिळाल्या.

याच पंडिता रमाबाईंनी पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावात मुक्ती सदन उभारलं. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली आणि विधवा घेऊन आल्या. त्यांतल्या कितीजणी थोरल्या, कितीजणी धाकट्या, हे ठरवायला मागे घरच उरलं नव्हतं. केडगावच्या छापखान्यात त्या शिशाचे खिळे जुळवायला शिकल्या.