सकाळी पाठ आखडते, चालल्यावर मोकळी होते? हे दुखणं अंगावर काढू नका

१९९५ ची जोहान्सबर्ग कसोटी. इंग्लंडचा कर्णधार माइक आथर्टन १० तासांहून जास्त वेळ खेळपट्टीवर उभा राहिला, नाबाद १८५ धावा केल्या आणि हरत आलेला सामना वाचवला. याच आथर्टनच्या पाठीला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस नावाचा आजार होता.

हा आजार आहे तरी काय?

हा मणक्यांचा दाहक संधिवात. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. पाठीचा कणा जिथे कमरेच्या हाडांना जोडलेला असतो, तिथून बहुतेकदा सुरुवात होते. वयानुसार मणके झिजतात त्याला स्पॉन्डिलायसिस म्हणतात. नावं सारखी असली तरी आजार वेगळे. हा आजार साधारण विशी-तिशीतच गाठतो. ४५ नंतर तो क्वचितच सुरू होतो.

ओळखायचा कसा?

साधी कंबरदुखी पडून राहिल्यावर कमी होते. इथे नेमकं उलटं असतं. पहाटेच्या सुमारास दुखण्यानं जाग येते, उठल्यावर अर्धा तास किंवा जास्त वेळ पाठ ताठ राहते आणि हालचाल केल्यावर मोकळी होते. असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवायला हवं.

सुरुवातीची काही वर्षं एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, म्हणून एमआरआय करतात. एचएलए-बी २७ ही रक्ततपासणीही होते. पण ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही. हे जनुक असलेल्या बहुतेकांना तो कधीच होत नाही.

दुर्लक्ष केलं तर?

दाह वर्षानुवर्षं राहिला, तर मणक्यांमध्ये नवीन हाड तयार होतं. काहींचे मणके एकमेकांना जुळतात आणि पाठ पुढे वाकते. बरगड्यांचे सांधे आखडले की छाती पूर्ण फुलत नाही. हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे साध्या पडण्यानंही जुळलेला मणका मोडू शकतो. पडल्यानंतर मान किंवा पाठ नव्यानं दुखू लागली, तर लगेच तपासणी हवी.

सुमारे चारपैकी एका रुग्णाला कधी ना कधी डोळ्याचा दाह होतो. डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही. डोळे आले असतील म्हणून घरगुती उपाय करत बसलं, तर नजर जाण्याचा धोका असतो. काही थोड्या रुग्णांमध्ये हृदयाच्या झडपेवरही परिणाम होतो.

मग भवितव्य काय?

आजार मुळापासून बरा होत नाही, पण आटोक्यात राहतो. सगळ्यांचेच मणके जुळतात असंही नाही. बहुतेक रुग्ण नोकरी, संसार, प्रवास सगळं करतात.

उपचारांचा पाया म्हणजे रोजचा व्यायाम आणि दाह कमी करणाऱ्या गोळ्या. तेवढ्यानं भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं देतात. त्याआधी शरीरात टीबी दडलेला नाही ना, हे तपासतात. ही इंजेक्शनं महाग असतात. भारतीय कंपन्यांची बायोसिमिलर आल्यानं खर्च कमी झालाय, तरी अनेकांना तो अजूनही झेपत नाही. धूम्रपान मात्र सोडावंच लागतं, कारण त्यामुळे मणक्यांचं नुकसान वाढतं.

एकदा जुळलेले मणके औषधानं पुन्हा सुटे होत नाहीत. म्हणूनच पंचविशीतल्या मुलाची पाठ रोज सकाळी आखडत असेल, तर त्याला "जरा आराम कर" असं सांगण्याऐवजी डॉक्टरांकडे नेणं जास्त गरजेचं आहे.