डोकं औट होतं तेव्हा

सोलापूरहून पुण्याकडे निघालं की मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी लागते. कापड, रसायनं, यंत्रांचे सुटे भाग असं बरंच काही इथे तयार होतं. पाळ्यांमध्ये चालणाऱ्या अशा कामात रक्तदाबाची गोळी डब्यासोबत उघड घेतली जाते. नैराश्याची, बायपोलरची किंवा स्किझोफ्रेनियाची मात्र सगळ्यांची नजर चुकवून. सुपरवायझर चारचौघांत बोलला की अशा माणसाचं ‘डोकं औट होतं’. छाती धडधडते, हात थरथरतात, राजीनामा तोंडावर फेकावासा वाटतो. कधी जीवच नकोसा होतो. ‘मन घट्ट कर’ या सल्ल्याने तेव्हा काहीही साधत नाही. उफाळलेली भावना सांभाळण्याची तंत्रं असतात आणि ती शिकावी लागतात.

मार्शा लिनहन यांनी हे स्वतः भोगून सांगितलं. १९६१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. तिथे त्या दोन वर्षांहून अधिक काळ होत्या. पुढे त्याच मानसशास्त्रज्ञ झाल्या आणि भावनांच्या उद्रेकाने होरपळणाऱ्यांसाठी त्यांनी ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ म्हणजे डीबीटी ही उपचारपद्धती उभी केली. २०११ मध्ये त्याच रुग्णालयात जाऊन त्यांनी आपला आजार जगजाहीर केला.

डीबीटी आधी शरीराला हात घालते. श्वास रोखून कपाळ, डोळे आणि गाल थंडगार पाण्यात काही सेकंद धरले की हृदयाचे ठोके मंदावतात. (हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.) मग श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा. शरीर निवळलं की मनातल्या भावनेला नाव द्यायचं: राग आहे, अपमान आहे की भीती? आणि तोवर कोणताही निर्णय टाळायचा. राजीनामा उद्या लिहिता येतो, भांडणाचा फोन संध्याकाळी करता येतो.

पण उद्रेकाची तयारी बऱ्याचदा आदल्या रात्रीच झालेली असते. बायपोलर आजारात झोप मोडली की उन्मादाचा झटका येऊ शकतो, त्यामुळे सतत बदलणारी पाळी अशा कामगाराला फार महाग पडते. रात्रपाळी नको, अशी डॉक्टरांची चिठ्ठी मागायला संकोच नसावा.

सोलापूरचा उन्हाळाही हिशेबात धरायला हवा. बायपोलरवर दिलं जाणारं लिथियम घामाने शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तात वाढतं. दुकानातून परस्पर घेतलेल्या आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढतं. हात जास्त थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि रक्त तपासून घ्यावं. बरं वाटतंय म्हणून मनाने गोळी बंद करणं हाही मोठा धोका आहे.

घरच्यांचीही दमछाक होते. कॅनडात प्राध्यापकी केलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा स्किझोफ्रेनिया जवळून पाहिला आणि १९९७ मध्ये पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ सुरू केली. रुग्ण आणि नातेवाईक यांचे स्वमदत गट तिथे चालतात. ज्याच्या घरात तेच घडतंय त्याच्याशी बोलताना काही लपवावं लागत नाही, हे या गटांचं बळ. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या याच आजारावरच्या ‘देवराई’ चित्रपटामागेही वाणींचा पुढाकार होता.

पगार बुडेल या भीतीने अनेक जण उपचार टाळतात. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत स्किझोफ्रेनियासारखे मनोविकार दीर्घ आजारांच्या यादीत आहेत. सेवेच्या आणि वर्गणीच्या अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला त्यासाठी साधारण ८० टक्के वेतनाइतका विस्तारित लाभ दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. ईएसआयचं कार्ड खिशात असेल तर ही चौकशी जरूर करावी.

जीव नकोसा झाला असेल, तर त्या घडीला एकटं राहू नये. शेजारच्या मशिनवरच्या माणसाला सांगावं, घरच्यांना बोलवावं आणि १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक लावावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. कारखान्यांनी हा क्रमांक सुरक्षेच्या फलकावर, अग्निशमन दलाच्या क्रमांकाशेजारी, ठळक अक्षरांत लिहावा.